मोठे साहेब भेटणार, तर काय बोलू?

प्रश्न : ताई, मी निफाड तालुक्यातली, कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला आहे. विधानसभेच्या प्रचारासाठी घरोघर फिरतेय. आमच्या पक्षाचे दिल्लीचे मोठे नेते सभेसाठी येणार आहेत. त्याआधी हायवेवरच्या एका हॉटेलात उमेदवारासोबत ते आम्हा वीसेक कार्यकर्त्यांना भेटून मिसळ खाणार आहेत. मैत्रिणी फोटोच्या तयारीत आहेत. मला बोलायचंय, पण काय बोलू? आणि बिल कोण भरतं? एक जण म्हणतो, वर्गणी काढू, म्हणजे उमेदवाराच्या खर्चात दिसणार नाही.
— एक वाचक

उत्तर : फोटो जरूर काढ, पण आधी बोल. दिल्लीहून आलेल्या माणसाला तालुक्यातले पदाधिकारी दिवसभर एकच सांगत असतात, “वातावरण चांगलं आहे, साहेब.” उंबऱ्यावर उभं राहून जे ऐकलं ते तुम्हा पोरांकडेच असतं, आणि माझ्या मते त्या टेबलावर सगळ्यात मोलाचं तेच आहे.

2024 ची लोकसभा आठव. 8 डिसेंबर 2023 ला कांद्याची निर्यात बंद झाली. ती बंदी 4 मे 2024 ला उठली, तीही 40 टक्के शुल्क लावून. आपल्याकडे मतदान 20 मे ला. मी तेव्हा पिंपळगावच्या बाजूला फिरत होते. पाणी पुढे करायच्या आधी बाया कांद्याचं विचारायच्या. आपल्या दिंडोरी मतदारसंघात केंद्रात राज्यमंत्री असलेल्या उमेदवार पडल्या. दारावरचा तो राग कुणीतरी वेळेत वरपर्यंत न्यायला हवा होता.

म्हणून नाव, गाव सांग आणि थेट मुद्द्यावर ये. “साहेब, मी रोज घरं करते. कांदाचाळीत उन्हाळ कांदा पडलाय आणि लोक विचारतात, निर्यातीचं धोरण सारखं का बदलतं? आम्ही त्यांना काय सांगायचं?” एवढंच. शेवटी प्रश्न ठेव, म्हणजे त्यांना उत्तर द्यावं लागेल. हिंदी अडली तर खुशाल मराठीत बोल, शेजारचा कुणीतरी सांगेल. उत्तर त्यांच्यासमोरच वहीत लिहून घे आणि त्या घरांना जाऊन जसंच्या तसं सांग, आपल्या पदरचं काही घालू नकोस. गावातल्या गटबाजीची तक्रार मात्र तिथे काढू नकोस. ती जिल्ह्यातच मिटवायची असते.

आता बिल. आचारसंहितेत सरकारी विश्रामगृहावर प्रचारसभा घेता येत नाही, म्हणून अशा भेटी हॉटेलात होतात. मान्यताप्राप्त पक्षाला 40 स्टार प्रचारकांची, म्हणजे प्रचाराला फिरणाऱ्या मोठ्या नेत्यांची, यादी देता येते. त्यांचा प्रवासखर्च उमेदवाराच्या खात्यावर पडत नाही, पण ही सूट प्रवासापुरतीच. उमेदवाराबरोबर बसून कार्यकर्त्यांनी खाल्लेली मिसळ त्याच्या खर्चात येते. आपल्याकडे विधानसभेला उमेदवाराच्या खर्चाची मर्यादा 40 लाख रुपये आहे, वीस मिसळींनी काही बिघडत नाही. लपवलं तर बिघडतं. वर्गणी काढली तरी तो प्रचाराचाच खर्च, आणि उमेदवाराच्या लेखी परवानगीवाचून त्याच्यासाठी खर्च करणं हा गुन्हा आहे.

हॉटेलवाल्याकडून उमेदवाराच्या नावाने पक्कं बिल घे आणि त्याच दिवशी खर्चाची नोंदवही सांभाळणाऱ्याकडे पोचव. निकालानंतर 30 दिवसांत सगळा हिशेब द्यावा लागतो. वर्गणीवाल्या मित्राला हे आजच सांग. आयोगाचं चित्रीकरण पथक तिथे आलं, तर किती जण जेवायला बसले होते ते व्हिडिओत दिसतंच.