मोडलेल्या ओळी आणि बदललेले आकडे

प्रश्न : ऑरॅकल डेटाबेसला आज्ञा देण्याच्या एसक्यूएल प्लस या प्रोग्रॅममध्ये माहिती मागवणारी साधी सिलेक्ट क्वेरी चालवली, तरी एकेक रेकॉर्ड तीन-चार ओळींत तुटून येतो. वर थोड्या थोड्या अंतराने कॉलमची नावं पुन्हा छापली जातात. वाचता येईल असा तक्ता कसा मिळवायचा?

उत्तर : लाइनसाइझ म्हणजे ओळीची लांबी मुळात ८० असते आणि पेजसाइझ म्हणजे पानातल्या ओळी १४. म्हणून ऐंशी अक्षरांनंतर ओळ मोडते आणि चौदा ओळींचं पान संपलं की मथळा परत येतो. ‘सेट लाइनसाइझ २००’ आणि ‘सेट पेजसाइझ ५००’ द्या, निम्मा त्रास तिथेच जाईल. पेजसाइझ शून्य मात्र करू नका, मथळेच गायब होतात.

उरलेला त्रास रुंद कॉलमचा. टेबलात नावासाठी २०० अक्षरांची जागा ठेवली असेल, तर आत पाचच अक्षरं असली तरी पडद्यावर तेवढी जागा अडते. ‘कॉलम नाव फॉरमॅट ए२०’ असं सांगा. लांब नाव कापलं जात नाही, त्याच कॉलमात खालच्या ओळीवर उतरतं.

पण आकड्यांच्या कॉलमकडे जास्त लक्ष द्या, हे मी कळकळीने सांगते. नोकरीच्या दुसऱ्या वर्षी मी सोळा अंकी खातेक्रमांकांची यादी स्पूल करून, म्हणजे पडद्यावरचा तक्ता फाइलमध्ये उतरवून, दुसऱ्या विभागाला पाठवली. तक्ता सुबक होता, सगळं एका रेषेत. तासाभरात फोन आला : प्रत्येक ओळीत ‘४.५१२७ई+१५’ हेच! टेबलातले क्रमांक शाबूत होते. नमविड्थ, म्हणजे आकडा छापण्याची रुंदी, मुळात १० असते, सोळा अंक त्यात मावले नाहीत म्हणून छापताना त्यांचं रूप बदललं, ४.५१२७ गुणिले दहाचा पंधरावा घात असं. पहिले पाच अंक सगळ्यांचे सारखेच, त्यामुळे कुठलं खातं कुणाचं हे सांगताच येईना.

‘सेट नमविड्थ २०’ दिलं की क्रमांक पूर्ण दिसतात. तुम्ही स्वतः दर अंकाच्या जागी एक नऊ लिहून (‘९९९९’ असा) फॉरमॅट दिलात आणि तो अपुरा पडला, तर आकड्याऐवजी हॅशची (#) रांग येते. ती आलेली बरी, चूक लगेच कळते. रूप बदललेला आकडा खरा समजून पुढे जातो.

मोठा मजकूर असलेला क्लॉब कॉलमही ८० अक्षरांवर गुपचूप कापला जातो. तिथे ‘सेट लाँग’ वाढवा.

आता यादी बाहेर पाठवायची असेल, तर मी क्रमांक क्वेरीतच टू_चार या फंक्शनने मजकूर करून घेते आणि फाइल उघडून पहिल्या ओळीतले अंक बोट ठेवून मोजते.