वस्तीत पहिल्यांदा जाताना

सेवाकाम सुरू करताना पहिले दोन महिने वस्तीत नुसता जा, बस, चहा पी. वाटपाची घाई नको. मी सुरुवातीला चादरींचा गठ्ठा घेऊन गेलो आणि भांडणं लावून परत आलो; मागच्या गल्लीतल्या म्हातारीला काहीच मिळालं नव्हतं. औषधाची पट्टी देताना सोबत धर्मप्रचाराचं पत्रक देऊ नकोस, लोकांना तो सौदा वाटतो. परदेशी देणगी एफसीआरए, म्हणजे परदेशी देणग्यांच्या कायद्याखालच्या, नोंदणीशिवाय घेऊ नकोस. २०२० च्या दुरुस्तीपासून ती स्टेट बँकेच्या नवी दिल्लीतल्या मुख्य शाखेतल्या खात्यातच यावी लागते, शिवाय दुसऱ्या संस्थेला पुढे देता येत नाही. पुणे जिल्ह्यातल्या केडगावचं पंडिता रमाबाईंचं मुक्ती मिशन, म्हणजे निराधार बायका-मुलींसाठीची संस्था, बघून ये. तिथे बायका छापखानाही चालवायच्या. आणि हो, फोटो विचारूनच काढ.