जुन्या घराचं वायरिंग नव्याने करतोय, स्विचबोर्ड आणि सॉकेट किती उंचीवर घ्यावेत?

तुम्ही लिहिलंय की आजोबांच्या वेळचं घर आहे, बोर्ड डोक्याच्या उंचीवर आहेत, आणि वायरमन म्हणतोय साडेचार फूट स्टँडर्ड असतं. हेच वाक्य मी माझ्या घरात ऐकलंय, म्हणून लिहायला बसले.

स्टँडर्डचं सोडा. घरात राहणाऱ्या सगळ्यात बुटक्या माणसाला भिंतीशी उभं करा, कोपर दुमडून हात सहज जिथे टेकेल तिथे खडूने खूण करा. बोर्डाची उंची ती.

आमचं घर सांगलीत, गावभागात. दगडमातीच्या भिंती, लाकडी पट्टीवरचं वायरिंग, काळे गोल बॅकेलाइटचे स्विच आणि झाडून सगळे बोर्ड साडेपाच फुटांवर. बाबा सहा फूट उंच होते, आई चार फूट नऊ इंच. स्वयंपाकघरातल्या बोर्डाखाली भिंतीवर तळहाताएवढा काळपट, तुकतुकीत डाग होता, दिवाळीला चुना दिला तरी संक्रांतीपर्यंत परत उमटायचा. आई डावा हात तिथे टेकवून चवड्यांवर उभी राहायची आणि उजव्या हाताने बटण दाबायची, अशी चाळीस वर्षं. पुढे खांदा धरला तेव्हा लाटण्याने दाबायला लागली. ते लाटणं तिथेच खिळ्याला अडकवलेलं असायचं आणि आम्हा कुणालाच त्यात काही वावगं दिसलं नाही, मलाही नाही. मग 2013 च्या पावसाळ्यात एकदा रात्री लाईट गेली, आली का बघायला आई पाटावर चढली, पाट सरकला आणि मनगट मोडलं. दीड महिना प्लास्टर.

त्यानंतर वायरिंग बदलायचं ठरलं. दादा पुण्याहून आला, सोप्यात उभं राहून त्याने आणि वायरमनने अर्ध्या तासात सगळं ठरवून टाकलं, बोर्ड साडेचार फुटांवर, सॉकेट खाली एक फुटावर, कारण त्याच्या फ्लॅटमध्ये तसंच आहे आणि वायरी लोंबत नाहीत. जी बाई दिवसातून पन्नास वेळा ती बटणं दाबणार ती आत चहा करत होती. मी म्हणलं, आईला बोलवा, तिला उभी करून बघा. तर दादा म्हणाला, तू मधे पडू नकोस, लहान मुलं हात लावतात म्हणून बोर्ड उंचच असतो. दोन दिवस भांडण चाललं. शेवटी स्वयंपाकघर आणि आईची खोली माझ्या म्हणण्याप्रमाणे, तिथे बोर्ड आणि सॉकेट दोन्ही साडेतीन फुटांवर, बाकी घर त्याच्या म्हणण्याप्रमाणे.

2019 च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचं पाणी घरात शिरलं. आमचं जोतं उंच आहे म्हणून सव्वादोन फुटांवर थांबलं. पाणी उतरल्यावर दादाच्या एक फुटावरच्या सॉकेटच्या प्लेटा खोलल्या तर आत मऊ काळा गाळ ठासून भरलेला, स्क्रूड्रायव्हरने उकरला तर पाइपातूनही तोच निघायला लागला. ते सगळे बॉक्स आणि तिथपर्यंतच्या वायरी बदलाव्या लागल्या. साडेतीन फुटांवरचं एकही सॉकेट बदलावं लागलं नाही, वायरमननेच सगळी तपासून सांगितलं. वर्षानुवर्षं पाणी येतं त्या गावात एक फुटावर सॉकेट घेऊच नये, हे मी तेव्हाही म्हणलं होतं, 2005 चं पाणी दादानेही बघितलेलंच होतं की.

मुलांचं म्हणाल तर मूल खुर्ची ओढून कुठेही चढतं. त्याला उंची हा उपायच नाही. शटरवाली सॉकेट घ्या, म्हणजे प्लग नसताना भोकं आतून झाकलेली राहतात, आणि डीबीत, म्हणजे घरभर वायरी जिथून निघतात त्या मुख्य पेटीत, 30 मिलीॲम्पियरचा आरसीसीबी बसवा, करंट गळायला लागला की लाईट तोडणारा स्विच तो, अर्थिंग नवं करून घ्या. जुने बोर्ड उंच असायचे कारण वायर वरून आढ्याजवळून यायची, खाली आणायची म्हणजे पट्टी आणि वायर जास्त, आणि सारवलेल्या जमिनीची ओल. आता पाइप भिंतीतून जातो, ती कारणं राहिलेली नाहीत. माझी आतेबहीण इंग्लंडमध्ये असते, तिकडे नव्या घरांसाठी नियमच आहे, स्विच आणि सॉकेट जमिनीपासून 450 ते 1200 मिलिमीटरच्या मधे, म्हणजे साधारण दीड ते चार फूट, व्हीलचेअरवरच्या माणसाचाही हात पोचावा म्हणून. हे दादाला पाठवलं तेव्हा त्याने नुसता अंगठा पाठवला.

बाकी पटकन सांगते. ओट्यावरचं सॉकेट ओट्याच्या वर फूटभर, पण शेगडीच्या मागे नको. पलंगाशी दोन फुटांवर, झोपल्या झोपल्या हात पोचेल असं, आणि तिथे टू-वे स्विच घ्याच, एकच दिवा दाराशी आणि पलंगाशी दोन्हीकडून बंद-चालू होतो तो. बाथरूममध्ये खाली सॉकेट अजिबात नको. दगडमातीच्या भिंतीत पाइपासाठी झिरी उभीच मारायला सांगा, आडवी मारली की भिंत सुटते, आणि बॉक्स सिमेंटने पक्का करून घ्या नाहीतर प्लग ओढताना बॉक्ससकट हातात येतो. बोर्ड खाली आणताना जुन्या वायरीला जॉइंट मारू देऊ नका, डीबीपासून नवीन वायर ओढायला लावा.

हां, तुमच्याकडे पुराचा प्रश्न नसेल तर सॉकेट दीड फुटावर घेतलीत तरी चालेल, पण गुडघे दुखणारं कुणी घरात असेल तर तेही नको. आणि पाणी चार फूट आलं असतं तर माझीही गेली असती, हे मान्य.

दादा हे वाचणार आहे, म्हणून इथेच लिहिते. माडीच्या जिन्यातला बोर्ड अजून साडेपाच फुटांवरच आहे. आई आता 78 वर्षांची आहे आणि अंधारात तोच बोर्ड चाचपते. दिवाळीला येशील तेव्हा वायरमनला घेऊन ये, खडूची खूण मी करून ठेवते.