आधी रॅम बघ, कार्ड नंतर

अरे, रेकॉर्ड केलेलं नेटवर्क ट्रॅफिक पुन्हा सोडून चाचणी घ्यायला मशीन जुळवतोयस ना, मग १० गिगाबिटचं नेटवर्क कार्ड लावलं की तेवढं ट्रॅफिक आपसूक जाईल, असं धरून चालू नकोस. लाइन भरायला सेकंदाला सव्वा जीबी लागतात. साटा एसएसडी साडेपाचशे एमबीच्या आसपासच दम टाकते. त्यामुळे पीकॅप फाइल, म्हणजे रेकॉर्ड केलेल्या पॅकेटची फाइल, आधी रॅममध्ये चढव; ती पुन्हा सोडणाऱ्या टीसीपीरिप्ले या प्रोग्रॅममध्ये त्यासाठी प्रीलोडची सोय आहे. पूर्ण वेगाचं एका मिनिटाचं कॅप्चर म्हणजे ७५ जीबी, त्या हिशोबाने रॅम घे.

खरी कसोटी छोट्या पॅकेटची. ६४ बाइटच्या फ्रेम असतील तर सेकंदाला १ कोटी ४८ लाख पॅकेट! लिनक्सचा नेहमीचा नेटवर्क स्टॅक, म्हणजे पॅकेट हाताळणारा भाग, तिथे हात टेकतो. म्हणून डीपीडीकेवर (हा स्टॅक टाळून थेट कार्डाशी बोलणारं सॉफ्टवेअर) चालणारंच कार्ड घे. इंटेलचं एक्स५२० जुनं मिळालं तरी शिकायला पुष्कळ झालं. दोन प्रोसेसरचा सर्व्हर असेल तर कार्डाचा स्लॉट ज्या प्रोसेसरला जोडलाय, त्याच्याच कोअरवर प्रोग्रॅम बांध. १०० गिगाबिटचं सध्या राहू दे.

आणि तू बसलायस रत्नागिरीत, समुद्राला लागून. कार्डावरच्या रिकाम्या एसएफपी पोर्टना (केबलचं मॉड्यूल बसतं त्या खाचांना) टोप्या लाव, खारी हवा धातूला सोडत नाही. यूपीएस तर हवाच. जूनमध्ये लाइट कधी जाईल, महावितरणलाही सांगता यायचं नाही.