घरातली माणसे रंगवायला घेताना

पहिल्याच चित्रात सगळे कुटुंब पंगतीला बसलेले रंगवायचे, असे आपण म्हणता; हा उत्साह मोलाचा आहे, परंतु सुरुवात दोनच व्यक्तींपासून करावी, असे मी आग्रहाने सांगेन. आजी नातीची वेणी घालत आहे, एवढा प्रसंग पुष्कळ झाला. नवशिके बहुधा चेहऱ्यांपासून आरंभ करतात आणि प्रत्येकाला हसतमुखाने समोर पाहायला लावतात, त्यामुळे चित्राचा ग्रुप फोटो होतो. जवळीक दिसते ती हातांत, झुकलेल्या मानेत आणि नजरेत. अमेरिकन चित्रकार मेरी कॅसॅट यांचे १८९३ मधले ‘द चाइल्ड्स बाथ’ हे चित्र अवश्य पाहा: आईचा एक हात मुलीच्या कमरेभोवती आहे, दुसरा तिचे पाऊल धुतो आहे आणि दोघींचीही नजर खाली पाण्याकडे लागली आहे.

दोन आकृत्या स्वतंत्र रेखाटून शेजारी चिकटवू नका; आधी दोघींचा मिळून एकच बाह्याकार काढा आणि मधल्या रिकाम्या जागेचा आकारही तितक्याच काळजीने तपासा. बोटे जमत नाहीत म्हणून हात पदराआड लपवू नका. प्रथम तळव्याचा साधा ठोकळा मांडा, बोटे सवयीने जमतील.

त्वचेच्या छटा आणि तैलरंगाचे थर यांचा विचार सध्या नको. घरातली माणसे आपापल्या कामात असताना पेन्सिलीने रोज भरभर रेखाटने करा.