‘लेकीला तिकडे भांडी लावायला सांगतात’

प्रश्न : ताई, नमस्कार. माझी मुलगी सोळा वर्षांची. दहावी झाल्यावर विद्यार्थी-विनिमय कार्यक्रमातून ऑगस्टमध्ये वर्षभरासाठी जर्मनीला गेली. ब्रेमेनजवळच्या एका गावात नवरा-बायको आणि त्यांची दोन मुलं यांच्या घरी राहते, तिथल्याच शाळेत जाते. पहिले पंधरा दिवस मजेत होती, आता रोज रडते. तिकडे संध्याकाळचे सात वाजले की आम्ही व्हिडिओ कॉल लावतो, तास-दीड तास बोलतो, तेवढाच तिला आधार. रात्रीचं जेवण म्हणजे गार पाव, चीज आणि व्हिनेगरमधली काकडी. वर तिला भांडी मशीनमध्ये लावायला सांगतात. इथे तिनं स्वतःचं ताटसुद्धा कधी उचललं नाही. त्या बाई रागावत नाहीत, पण विचारपूसही करत नाहीत. पोर आपली खोलीत एकटी. दहावीला ९४ टक्के मिळवणाऱ्या मुलीला तिथे गणितात २ आणि इतिहासात ४ मिळालेत! मी त्या बाईंशी बोलू का? की दिवाळीला सरळ घेऊनच येऊ?
— एक आई, कोथरूड

उत्तर : आधी गुणांचं उरकू. जर्मन शाळेत १ सगळ्यात वरचा आणि ६ सगळ्यात खालचा. गणितातले २ म्हणजे ‘चांगलं’. पेढे वाटा. इतिहासातले ४ म्हणजे काठावर पास, आणि अख्खं पुस्तक जर्मनमध्ये असताना दोन महिन्यांत काठावर पास होणं मला तरी कमी वाटत नाही. तिथे वर्गात हात वर करून बोलण्यालाही गुण असतात, आणि आपल्याकडची हुशार मुलगी म्हणजे खाली मान घालून लिहिणारी. चुकीचं का होईना, तासाला एकदा तोंड उघड, एवढं तिला सांगा.

आता बाकीचं. मी स्वतः १९८६ साली नारायण पेठेतून त्याच भागात वर्षभरासाठी गेले होते, सतरा वर्षांची असताना. तेव्हा तो पश्चिम जर्मनी होता. चेर्नोबिलच्या अणुभट्टीचा स्फोट होऊन किरणोत्सर्ग पसरला, ते वर्ष. परसातला पाला खायचा की नाही यावरून त्या घरात जेवणाच्या टेबलावर वाद चालायचे आणि मी मधे बसून दोघांच्या तोंडाकडे बघायची. पुढे पुण्यात सव्वीस वर्षं जर्मन शिकवलं, माझ्या कितीतरी विद्यार्थ्यांना अशी जाताना आणि येताना पाहिलं. औंधला जाताना आपण ब्रेमेन चौक ओलांडतो ना, पुणे-ब्रेमेनची ती मैत्री नुसती पाटीवरची नाही, जाणंयेणं खरंच आहे.

तुमच्या पत्रातल्या एका वाक्यापाशी मी थांबले. ‘तिकडे संध्याकाळचे सात वाजले की आम्ही कॉल लावतो.’ अहो, तिकडे सहा-साडेसहाला तो गार पाव खाऊन होतो आणि सात ते साडेआठ हा त्या घराचा एकत्र बसायचा वेळ असतो. दिवसभर आईबाप कामावर, पोरं शाळेत. गप्पा, पत्त्यांचे नि सोंगट्यांचे खेळ, टीव्ही, उद्या कोण कुठे जाणार याची ठरवाठरव, जे काय असेल ते त्या दीड तासात. आणि नेमकी त्याच वेळी तुमची मुलगी वर जाते, दार लावते आणि पुण्याशी बोलते. तिथे लावलेल्या दाराचा अर्थ ‘मला एकटं राहू द्या’ असा घेतात आणि तो मान पाळतात. त्या बाई विचारपूस करत नाहीत, कारण दार लावलेलं आहे. दार लावलेलं आहे, कारण तुम्ही फोनवर आहात. रागावू नका, पण पोर एकटी पडतेय त्यात आपलाही हात आहे.

मला आईचं पत्र यायला दहा-बारा दिवस लागायचे. निळ्या एअरोग्रामवर मी रडगाणं लिहायची, त्यावरची तिची समजूत हातात पडेपर्यंत तीन आठवडे उलटलेले असायचे आणि मी कशावरून रडले होते ते मलाच आठवायचं नाही. ते दिवस चांगले होते असं मी म्हणणार नाही, एकदा तापात मी तीन दिवस आईच्या आवाजासाठी तळमळले होते. पण मधल्या दिवसांत रडायला त्या घरातलीच माणसं होती, दुसरं कुणी नव्हतं.

तर कॉल बंद करू नका, हलवा. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी तिकडची घड्याळं एक तास मागे जातात. आपला साडेतीन तासांचा फरक साडेचार होईल, म्हणजे तिकडचे सात म्हणजे पुण्यातले साडेअकरा. ‘बाबांना जागरण झेपत नाही’ एवढं निमित्त पुरे. रविवारी तिकडच्या सकाळी अकराला, आपल्या दुपारी साडेतीनला बोला. त्या दिवशी तिकडे दुकानं बंद असतात, कुणाला घाई नसते. शक्य तर तिला दार उघडं ठेवून बोलायला सांगा. घरातलं धाकटं पोर डोकावेल, त्यालाही हात करा. मधल्या दिवसांत एखादा फोटो, दोन ओळी, बस.

भांड्यांबद्दल. सदाशिव पेठेत काय किंवा ब्रेमेनला काय, पाहुण्याला कुणी भांडी लावायला सांगत नाही. सांगितलं याचा अर्थ त्या घरानं तिला पाहुणी म्हणायचं सोडलं. आता तिनंही सोडायला हवं. नुसतं सांगितल्यावर लावणं वेगळं आणि उठून कप कुठल्या फडताळात जातात हे माहीत असणं वेगळं. मला ज्या दिवशी काचेचे पेले न विचारता जागेवर ठेवता आले, त्या दिवशी मी त्या स्वयंपाकघरात पहिल्यांदा स्वतःच्या हातानं चहा केला. तोवर दोन महिने चहाशिवाय राहिले होते, कारण विचारायचं कसं?

आणि कसं विचारायचं, हीच तर गोची होती. त्या बाईंना मी नावानं हाक मारावी अशी त्यांची अपेक्षा. आईच्या वयाच्या बाईला नुसत्या नावानं? जीभ वळेना. मग मी हाकच मारायची नाही. काही हवं असलं की स्वयंपाकघराच्या दारात जाऊन उभी राहायची, त्यांनी मागे वळून बघेपर्यंत. एकदा तर बटाटे सोलता सोलता त्या दचकल्या आणि सुरी हातातून पडली. या मुलीला आपली भीती वाटते, असं त्यांनी नवऱ्याला सांगितलं होतं म्हणे. शेवटी नोव्हेंबरात मोडक्यातोडक्या जर्मनमध्ये मी सांगितलं की आमच्याकडे आईच्या बहिणीला मावशी म्हणतात, तसं म्हणू का? त्यांच्या सात वर्षांच्या मुलाला तो शब्द इतका आवडला की तो स्वतःच्या आईलाच मावशी म्हणायला लागला. नाताळचं कार्ड अजून येतं, खाली रोमन अक्षरांत ‘मावशी’ लिहून. तुमची मुलगी त्या बाईंना काय म्हणते, विचारा तिला. बहुतेक काहीच म्हणत नसणार.

जेवणाचं : गार पाव म्हणजे आबाळ नव्हे. पुष्कळ घरांत गरम जेवण दुपारी आणि रात्री पावच, अशी रीतच आहे. ‘शनिवारी मी स्वयंपाक करू का?’ असं तिनं स्वतः विचारावं. खिचडी पुरे. फक्त फोडणी देण्याआधी दारामागे टांगलेले सगळ्यांचे कोट दुसऱ्या खोलीत न्यायला सांगा. हिंगाचा वास लोकरीत आठवडाभर राहतो, अनुभवाचे बोल. फराळाचं पार्सल पाठवत असाल तर पेढे, बर्फी, तूप नको. दुधाचे पदार्थ युरोपीय संघात बाहेरून टपालानं चालत नाहीत. चकली, मेतकूट, गोडा मसाला बांधा आणि भेटवस्तू म्हणून किंमत ४५ युरोच्या आत ठेवा, नाहीतर कस्टम्सचं झेंगट मागे लागतं.

त्या बाईंना तुम्ही फोन करू नका. मुलीला जे दोन वाक्यांत सांगता आलं असतं ते पुण्याहून तक्रार होऊन पोचेल. मात्र ती जेवत नसेल, झोपत नसेल, शाळा टाळत असेल किंवा घरातल्या कुणाच्या वागण्यानं तिला अवघडल्यासारखं होत असेल, तर एक दिवसही थांबू नका. संस्थेच्या तिथल्या समन्वयकाला कळवा. ते त्यांचंच काम असतं, गरज पडली तर घर बदलूनही देतात, आणि त्यात कुणाचं नाक कापलं जात नाही. आठवणीनं रडणं आणि हे, दोन्ही वेगळं आहे. तुम्ही आई आहात, आवाजावरून ओळखाल.

दिवाळीला आणू नका. डिसेंबरात तिकडे चारलाच अंधारून येतं, तेव्हा ती पुन्हा रडेल, हे आताच सांगून ठेवते. तेव्हाही तिकिटं बघत बसू नका.

प्रश्न : जानेवारीत आमच्याकडे इटलीची १७ वर्षांची मुलगी सहा महिन्यांसाठी राहायला येणार आहे. सासूबाईंचं म्हणणं, ‘परक्या पोरीला कामं सांगायची नाहीत.’ तिखटाचं काय करावं? आणखी काय तयारी हवी?
— एरंडवणे

उत्तर : वरचं पत्र सासूबाईंना वाचून दाखवा, निम्मं काम होईल.

कागदपत्रांत आळस नको. परदेशी व्यक्ती घरी राहायला आली की २४ तासांत तिची माहिती सरकारला ऑनलाइन कळवावी लागते, पूर्वी ज्याला सी फॉर्म म्हणायचे ती. १८० दिवसांहून जास्त मुदतीचा व्हिसा असेल तर पोहोचल्यापासून १४ दिवसांत परदेशी नागरिक म्हणून नोंदणीही करावी लागते. संस्था मदत करते, पण तारखा तुम्हीच कॅलेंडरवर लिहून ठेवा.

तिखट सोपं आहे : मिरची आमटीत न घालता ठेचा वेगळा वाढा. अवघड आहे ते भांड्यांचं. ती आपलं ताट स्वतः घासायला जाईल आणि तुमच्या भांडीवाल्या मावशी ते तिच्या हातातून ओढून घेतील. दोघींनाही कळणार नाही आपलं काय चुकलं. म्हणून तिसऱ्या दिवशीच तिला तिचं असं एक काम द्या. कोथिंबीर निवडायला द्या. देठंच ठेवली आणि पानं टाकली, तर पहिल्या जुडीला हसू नका.

आणि हो, ती सासूबाईंना पहिल्याच दिवशी नावानं हाक मारण्याची दाट शक्यता आहे. विमानतळावरून घरी येता येताच गाडीत ‘आजी’ हा शब्द घोकून घ्या.