'बेत्सा' : लोभ की लचका?

प्रश्न असा आहे : बायबलमधल्या यिर्मया संदेष्ट्याच्या ग्रंथाच्या ५१व्या अध्यायात बाबेल (बॅबिलोन) नगरीला निकाल सुनावला जातो. त्यातल्या १३व्या वचनात काही भाषांतरं 'तुझ्या लोभाचं माप' म्हणतात, तर काही 'तुझ्या आयुष्याचा धागा कापला' म्हणतात. एकाच ओळीत इतका फरक कसा?

मूळ हिब्रू ओळ अशी : 'बा कित्सेख, अम्मत बित्सेख'. पहिला तुकडा सरळ आहे, तुझा शेवट आला. घोळ आहे तो 'बित्सेख'मधल्या (तुझा बेत्सा) 'बेत्सा' या शब्दाचा. त्याचा धातू कापण्या-तोडण्याचा. त्यावरून 'बेत्सा' म्हणजे तोडून घेतलेला वाटा, आणि बहुतेक वेळा तो गैरमार्गाचाच. न्यायनिवाड्यासाठी बेत्साचा तिटकारा असलेली माणसं नेम, असं इथ्रो आपल्या जावयाला, मोशेला, सांगतो (निर्गम १८:२१). पुढे शमुवेल संदेष्ट्याचे न्यायाधीश नेमलेले मुलगे नेमके बेत्साच्याच मागे लागतात आणि लाच खातात.

म्हणून मला 'लोभ' हा शब्द इथे पुचाट वाटतो. लोभ मनात असतो. (त्यासाठी हिब्रूत 'हामाद' हा धातू आहे, बायबलच्या दहा आज्ञांपैकी दहाव्या आज्ञेतला 'लो तहमोद', म्हणजे लोभ धरू नको, त्यातलाच.) बेत्सा मात्र हातात, किंबहुना दातांत असतो. यहेज्केल २२:२७ मध्ये यरुशलेमचे सरदार भक्ष्य फाडणाऱ्या लांडग्यांसारखे बेत्सा मिळवायला टपलेले आहेत. याला मराठीत चपखल शब्द आहे, लचका.

पण हाच धातू विणकराचाही आहे. विणून झालेलं कापड मागावरून कापून काढणं, ही तीच क्रिया. आजारातून उठलेला हिज्कीया राजा म्हणतो, विणकरासारखं मी माझं आयुष्य गुंडाळलं, तो मला मागावरून कापतो (यशया ३८:१२). आता बाबेलची ओळ पुन्हा वाचा. 'अम्मत'मधला 'अम्मा' म्हणजे कोपरापासून बोटांपर्यंतचं माप, आपण कापड मोजायचो तो हात. आणि ज्या नगरीला हे ऐकवलं जातंय, तिला त्याच वचनात पुष्कळ पाण्यांजवळ राहणारी, धनसंपन्न म्हटलंय. म्हणजे लचके तोडणारीलाच आता हातभर मोजून तोडलं जाणार. श्लेष मुद्दाम केलेला आहे. भाषांतरकाराला त्यातली एक बाजू निवडावी लागते, इतकंच.

मराठीत 'तोडणे' लचक्यालाही चालतं आणि धाग्यालाही, त्यामुळे आपल्याला थोडं सोपं जावं. माझा प्रयत्न : 'तुझा शेवट आला, तुझ्या तोडण्याचा हात भरला.' 'हात भरला' जरा अडखळतं, हे कबूल.